घाटाखाली अडकलेले गोरे: आफ्रिकेचा भूगोल आणि आफ्रिकेचा इतिहास

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. वर ग्रीनलँडचा पांढरा ढिगारा, मधोमध आफ्रिका, आणि आकाराने दोन्ही जवळपास सारखे. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलँड मावतात, आणि भारत नऊ वेळा बसतो. हा नकाशा १५६९ साली मर्केटरने दर्यावर्दींसाठी काढला. होकायंत्राची दिशा कागदावर सरळ रेघेत यावी म्हणून त्याने विषुववृत्तापासून लांबचे मुलूख ताणून मोठे केले. खलाशांची सोय झाली, पण पुढे तोच नकाशा वर्गावर्गात जाऊन बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने हा नकाशा बदलण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला.

ती बातमी वाचून माझ्या भाचीने विचारलं, "एवढा मोठा खंड, मग मूठभर युरोपियनांनी घेतला कसा?" प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या पोटात त्याहून चांगला प्रश्न आहे. पोर्तुगीज जहाजं काँगो नदीच्या मुखाशी पोचली १४८०च्या दशकात. १८७० उजाडलं तरी युरोपियनांच्या ताब्यात आफ्रिकेचा जेमतेम दहावा हिस्सा होता, तोही बहुतेक किनाऱ्याकिनाऱ्याने. आणि १९१४ मध्ये? नव्वद टक्के. म्हणजे जवळजवळ चारशे वर्षं दारात उभे राहिले आणि मग एका पिढीत सगळं घर ताब्यात घेतलं. असं का, हे समजून घ्यायला आधी जमीन पाहावी लागते.

देश वर, कोकण खाली

मराठी माणसाला आफ्रिकेचा आकार समजावणं तसं सोपं आहे. कोकणची चिंचोळी पट्टी, तिच्यामागे सह्याद्रीचा कडा, आणि कडा चढून गेलं की देश. आता कल्पना करा की असा कडा खंडाच्या बऱ्याच भागाला, कुठे समुद्राला खेटून तर कुठे थोडा आत, वेढून आहे. आफ्रिकेचा दक्षिण आणि पूर्व भाग म्हणजे बव्हंशी हजार मीटरहून उंच पठार. नद्या या पठारावर शेकडो कोस निवांत वाहतात आणि समुद्र जवळ आला की उड्या मारत खाली येतात.

युरोपात याच्या उलट. तिथे ऱ्हाईन, डॅन्यूब, थेम्स यांसारख्या नद्यांमधून जहाज समुद्रातून थेट देशाच्या पोटात शिरतं. आफ्रिकेत नाईलवर आस्वान ते खार्टूमदरम्यान सहा मोठे खडकाळ उतार आहेत. झांबेझीवर काहोरा बासाचे उतार आहेत. ब्रिटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८५८ मध्ये झांबेझीतून आगबोट घेऊन निघाला, तो ही नदी म्हणजे आफ्रिकेच्या पोटात जाणारा राजरस्ता आहे असं ब्रिटनला सांगून. आधीच्या सफरीत त्याने नेमका हाच टप्पा वळसा घालून टाळला होता, त्यामुळे इथे काय आहे ते त्याने पाहिलंच नव्हतं. बोट उतारांपाशी अडली आणि राजरस्ता तिथेच संपला.

त्यात बंदरांची वानवा. आफ्रिका युरोपच्या तिप्पट मोठी, पण तिचा किनारा युरोपपेक्षा आखूड, कारण त्याला खाड्या, उपसागर, कोपरे कमी आहेत. पश्चिम किनाऱ्यावर लाटा थेट वाळूवर येऊन फुटतात. घानाच्या आक्रा शहरासमोर १९६२ मध्ये तेमा बंदर सुरू होईपर्यंत मोठी जहाजं खोल पाण्यात थांबत. कोकोची पोती होड्यांमध्ये भरून, लाटा मोजून, त्यातली एक फुटली की दुसरी यायच्या आत वल्ही मारत जहाजापर्यंत न्यावी लागत. जगाच्या चॉकलेटचा मोठा वाटा अशा होड्यांतून गेला आहे.

काँगोचं बंद दार

काँगो नदी जरा जवळून पाहू, कारण पुढे तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

समुद्रातून आत शिरलं की मताडी गावापर्यंत जहाज जातं. तिथून पुढे किन्शासापर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात नदी ओळीने बत्तीस धबधबे आणि उतार उतरते. जगातली दुसऱ्या क्रमांकाची पाणीदार नदी एका अरुंद घळीतून घुसळत खाली येते. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काँव इथवर आला, त्याच्या लोकांनी येलाला इथल्या खडकावर नावं कोरली आणि ते परत फिरले. पुढची चारशे वर्षं युरोपियनांच्या नकाशावर त्यापुढे कोरा कागद होता.

गंमत अशी की किन्शासाच्या वर हीच नदी सुमारे सतराशे किलोमीटर, किसांगानीपर्यंत, सलग वाहतुकीला मोकळी आहे. आतल्या लोकांसाठी ती हजारो वर्षं बाजाररस्ता होती. मासे, मीठ, लोखंड, मडकी, सगळं होडग्यांतून फिरायचं. दार बंद होतं ते बाहेरच्यांसाठी.

नायजर नदीची गोष्ट तर आणखी मजेदार. युरोपियन व्यापारी तिच्या त्रिभुज प्रदेशातल्या कांदळवनात तीनशेहून जास्त वर्षं ये-जा करत होते, पण या दलदलीच्या खाड्या म्हणजेच नायजरचं मुख, हे त्यांना कळलं १८३० साली, रिचर्ड आणि जॉन लँडर हे भाऊ आतून नदीबरोबर वाहत खाली आले तेव्हा.

पण सह्याद्री तर आपण ओलांडलाच की

इथे जाणकार वाचक अडवणार. नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी वाहता होता, जकातीचा रांजण अजून तिथे आहे. कड्याने व्यापार थांबतो कुठे?

बरोबर. पण नाणेघाट चढत कोण होतं? बैल. लमाणांचे तांडे म्हणजे हजारो बैलांच्या पाठीवरचं धान्य आणि मीठ. आफ्रिकेच्या मधल्या पट्ट्यात बैल जगत नव्हता. कारण होती एक माशी.

त्सेत्से माशी आपल्या घरमाशीपेक्षा थोडी मोठी असते. बसली की दोन्ही पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक ठेवते, त्यावरून ओळखू येते. ती रक्त पिते आणि पिताना एक परजीवी सोडते. माणसाला त्यातून निद्रारोग होतो, गुरांना आणि घोड्यांना 'नागाना' नावाचा रोग होतो. जनावर झिजत झिजत मरतं. सहाराच्या दक्षिणेला साधारण एक कोटी चौरस किलोमीटर मुलखात, म्हणजे भारताच्या तिप्पट जागेत, या माशीचा वावर आहे. जंगलातल्या प्राण्यांना हा परजीवी फारसा बाधत नाही, म्हणून तो तिथे कायमचा मुक्कामाला असतो.

आता परिणाम पाहा. बैल नाही म्हणून नांगर नाही, शेती कुदळीने. शेण नाही म्हणून खत नाही. घोडा नाही म्हणून घोडदळावर उभी राहणारी मोठी साम्राज्यं जंगलपट्ट्यात टिकत नाहीत. आणि ओढायला जनावर नाही, तर चाक कशाला? आफ्रिकेने चाक शोधलं नाही म्हणून नाकं मुरडणारे लोक मी पाहिले आहेत. सहाराच्या लोकांना रथ ठाऊक होते, खडकांवर त्यांची चित्रं आहेत. पण बैलाशिवाय बैलगाडी अंगणात ठेवून करायचं काय?

सगळं ओझं माणसाच्या डोक्यावर आलं. माणूस पंचवीस-तीस किलो उचलतो, रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालतो आणि वाटेत त्यातलंच खातो. असा हिशेब असेल तर धान्य लांब पाठवणं परवडत नाही. लांबचा व्यापार होतो तो वजनाला हलक्या आणि किमतीला भारी मालाचा: सोनं, हस्तिदंत, कोलानट (चघळायचं एक उत्तेजक बी). किंवा स्वतःच्या पायांनी चालणाऱ्या मालाचा. हे शेवटचं वाक्य लिहिताना हात थबकतो, पण गुलामांच्या व्यापारामागचं एक थंड गणित हेही होतं.

वाळूचा समुद्र आणि त्याची बंदरं

सहारा म्हणजे भिंत, असा आपला समज. सुमारे नव्वद लाख चौरस किलोमीटरची वाळू आणि खडक, भिंत वाटणारच. पण तिसऱ्या-चौथ्या शतकापासून उंटाचा वापर वाढला आणि भिंतीचा समुद्र झाला. लोकांनीही तिला समुद्रच मानलं. सहाराच्या दक्षिण काठाला 'साहेल' म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ किनारा. आणि हिंदी महासागराच्या काठावरची 'स्वाहिली' भाषा? तिचं नावही त्याच शब्दाच्या अनेकवचनावरून, 'किनाऱ्यांची'. एक काठ वाळूचा, एक पाण्याचा, आणि शब्द एकच.

या समुद्रातून दक्षिणेकडून सोनं आणि उत्तरेकडून मीठ जायचं. उष्ण मुलखात घाम गाळणाऱ्या माणसाला आणि गुरांना मीठ लागतं, आणि साहेलच्या दक्षिणेला ते दुर्मिळ. इब्न बतूता १३५२ मध्ये या वाटेने गेला. पंचवीस दिवसांनी तांडा तघाझा नावाच्या गावी पोचला. तिथली घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, छप्पर उंटाच्या कातड्याचं. झाड एकही नाही. खाणीत राबणारे गुलाम, खायला बाहेरून आणलेला खजूर आणि ज्वारी-बाजरी. तिथून एका उंटावर दोन लाद्या लादायच्या. वलाता गावी त्या ओझ्याला आठ-दहा मिस्काल सोनं यायचं, पुढे मालीच्या राजधानीत वीस-तीस, कधी चाळीससुद्धा. मिस्काल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम. मिठाचे तुकडे करून लोक नाण्यासारखे वापरत.

या व्यापाराच्या जकातीवर जुनं घाना, माली, सोंघाई ही राज्यं उभी राहिली. मालीचा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. टिंबक्टू वाढलं कारण ते नायजर नदीच्या वळणावर आहे: उंट जिथे संपतो आणि होडी जिथे सुरू होते ती जागा. उंटांबरोबर इस्लाम आला, अरबी लिपी आली, हस्तलिखितं आली. तो पसरला कुठपर्यंत? ढोबळमानाने उंट आणि घोडा जिथवर जगतो तिथवर. आजच्या नायजेरियाच्या उत्तर-दक्षिण फरकामागे ही जुनी रेघ आहे.

भाकरी तिकडची

आपल्या ताटातली ज्वारीची भाकरी मूळची आफ्रिकेची. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी साहेलची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. ही धान्यं हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि इतकी आपली झाली की जात्यावरच्या ओवीत शिरली. किनाऱ्यावर कुठे कुठे दिसणारी बुंध्याने फुगलेली गोरखचिंचही तिकडचीच.

या धान्यांना पावसाळा उन्हाळ्यात लागतो. बांटू भाषा बोलणारे शेतकरी आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेवरून चार-पाच हजार वर्षांपूर्वी निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या सरकत, वाटेत लोखंड आणि गुरं आपलीशी करत, दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचले. म्हणून कॅमेरूनपासून डर्बनपर्यंत शेकडो भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत. पण अगदी दक्षिण टोकाला ते थांबले. केपच्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो, तिथे ज्वारी-बाजरी येत नाही. तिथे खोईखोई हे गुराखी राहत होते.

१६५२ मध्ये डच तिथे उतरले. त्यांच्याकडे गहू होता आणि गव्हाला हिवाळी पाऊस मानवतो. हिवतापही नव्हता, त्सेत्सेही नाही. त्यामुळे उरलेल्या खंडात युरोपियन वखारीत दडून असताना इथे त्यांनी शेतं केली, बैलगाड्या जुंपल्या आणि खोईखोईंना त्यांच्या कुरणांवरून हुसकलं. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांची वस्ती एवढी मोठी का, याचं अर्धं उत्तर पावसाच्या वेळापत्रकात आहे.

वाऱ्याचं वेळापत्रक

पूर्व किनाऱ्याचं नशीब वेगळं, कारण तिथे मोसमी वारे. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत झाला, दिवाळी सरली की वारा ईशान्येकडून वाहू लागतो. त्यावर गुजरात, कोकण, अरबस्तानातली गलबतं आफ्रिकेकडे उतरायची. एप्रिलनंतर वारा उलटतो आणि घरी आणून सोडतो. मधले काही महिने व्यापाऱ्याला तिथेच मुक्काम करणं भाग. मुक्काम म्हटला की घर, लग्न, मशीद आणि भाषा आलीच. किल्वा, मोंबासा, लामू, झांझिबार ही शहरं अशी घडली. स्वाहिलीचा सांगाडा बांटू आहे, शब्द भरपूर अरबी आहेत, आणि मधूनच ओळखीचे पाहुणे भेटतात: गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', आणि चपातीला चपातीच.

याच वाऱ्यावर माणसंही विकली गेली. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आला. तोच पुढे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर झाला. जमीनमहसुलाची घडी त्याने बसवली ती आपल्या मातीत. जंजिऱ्याचे सिद्दी हेही याच वाटेने आलेले. हबशी हा शब्दच अरबांनी इथिओपियाला दिलेल्या 'हबश' या नावावरून आला.

किनाऱ्याला सोनं मिळायचं आतल्या झिंबाब्वेच्या पठारावरून. त्या पठारावर उंचीमुळे माशी नाही, त्यामुळे गुरं होती. गुरं होती म्हणून संपत्ती होती. अकराव्या ते पंधराव्या शतकात तिथे चुना न वापरता घडीव दगडांच्या अकरा मीटर उंच भिंती उभ्या राहिल्या. त्यात किल्व्याचं नाणं सापडलं, चिनी मातीची भांडी सापडली. तरी गोऱ्या वसाहतवाल्यांनी कित्येक वर्षं हे फिनिशियनांनी बांधलं, अरबांनी बांधलं, असं सांगण्याचा आटापिटा केला, आफ्रिकन सोडून कुणीही चालेल!

जमीन उदंड, माणूस कमी

मोठं क्षेत्रफळ, बरीचशी हलकी जांभ्यासारखी माती, लहरी पाऊस, रोगराई. त्यामुळे लोकसंख्या विरळ राहिली. १९०० च्या सुमाराससुद्धा या भारताच्या नऊपट खंडात भारतापेक्षा बरीच कमी माणसं होती.

आपल्याकडे जमिनीच्या बांधावरून डोकी फुटतात. तिथे जमिनीला तोटा नव्हता, तोटा होता हातांचा. राजाची ताकद किती बिघे त्याच्या नावावर यावर ठरत नसे. किती माणसं त्याच्या शब्दात, यावर ठरे. राजा छळू लागला तर गाव उठून दुसरीकडे जाई. लढाया माणसं मिळवायला होत, आणि पकडलेली माणसं दास म्हणून घरात येत. राज्याची कड ही रेघ नव्हती. दिव्याचा उजेड जसा लांब जाता जाता विरतो, तशी राजाची सत्ता विरत जाई. हे ध्यानात असू द्या, कारण पुढे रेघा येणार आहेत.

चारशे वर्षं वखारीत

आता भाचीच्या प्रश्नाकडे. कडा, धबधबे आणि माशी यांच्या जोडीला चौथा पहारेकरी होता हिवताप, तोही सर्वांत घातक प्रकारचा. स्थानिक माणसाने लहानपणीच त्याच्याशी झगडून थोडी प्रतिकारशक्ती मिळवलेली असे, आणि त्यासाठी बालमृत्यूंची जबर किंमत मोजलेली असे. काहींच्या रक्तात सिकल सेलचा एक जनुक असतो. एक असला तर हिवतापापासून आडोसा मिळतो, आई-बाप दोघांकडून आला तर आजार. विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासी वस्त्यांमध्ये सिकल सेल का आढळतो, याचं उत्तरही हिवतापाच्या जंगलातच आहे.

नवख्या युरोपियनांकडे यातलं काहीच नव्हतं. १८१७ ते १८३६ या काळात सिएरा लिओनमध्ये ठेवलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी दरवर्षी निम्म्याच्या आसपास मरत. म्हणून मुक्काम किनाऱ्यावरच्या वखारीत. आत सत्ता अशांती, दाहोमे, ओयो अशा राज्यांची, आणि गोऱ्यांना जागेचं भाडं व नजराणे द्यावे लागत.

अटलांटिकच्या गुलामव्यापाराचं रूप यातूनच ठरलं. सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली, त्यातली एक कोटी सात लाखांच्या आसपास पलीकडे जिवंत उतरली. त्यांना पकडून किनाऱ्यापर्यंत आणलं ते मुख्यतः आफ्रिकन राजे आणि दलालांनी. बंदुका, दारू आणि कापड देऊन ती मागणी पेटवली युरोपियनांनी. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणाऱ्यांपासून सावध राहावं. आणि ज्या खंडात माणूसच दुर्मिळ, तिथून ऐन उमेदीतली माणसं नेली गेली, म्हणजे नेमकं काय गेलं हे वेगळं सांगायला नको.

तीस वर्षांत दार कसं मोडलं

पहारेकरी एकेक करून पडले. १८२० मध्ये सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन वेगळं काढता आलं. १८५४ मध्ये बेकी नावाच्या डॉक्टरच्या नेतृत्वाखाली एक आगबोट नायजरमधून आत गेली, सगळ्यांना रोज क्विनीन दिलं गेलं, आणि एकही माणूस तापाने न मरता बोट परत आली. आगबोटीला वारा लागत नव्हता. सुटे भाग करून ती डोक्यावरून धबधब्यांच्या वर नेता येत होती. शोधप्रवासी स्टॅनलेने काँगोवर तेच केलं. मग सलग गोळ्या झाडणारी मॅक्सिम बंदूक आली. १८९८ मध्ये ओमदुर्मानला एका सकाळी दहा हजारांहून जास्त सुदानी सैनिक मारले गेले. ब्रिटिश बाजूचे पन्नासही नाहीत.

आणि रेल्वे. मताडी ते किन्शासा रूळ १८९० ते १८९८ या काळात टाकले गेले, शेकडो मजुरांच्या जिवावर. बत्तीस धबधब्यांना वळसा मिळाला आणि बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या काँगोतून रबर आणि हस्तिदंत धो धो वाहू लागलं. पूर्वेला १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे झाली. सामानाची जनावरं त्सेत्सेने मारली. कामाला भारतातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास परत आलेच नाहीत.

टेबलावरच्या रेघा

"बर्लिनच्या परिषदेत आफ्रिका केकसारखी कापली" असं नेहमी ऐकू येतं. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ अशी ती परिषद चालली, चौदा देश होते, आफ्रिकन एकही नाही, हे खरं. पण बहुतेक सीमा तिथे आखल्या गेल्या नाहीत. तिथे ठरले नियम. त्यातला मुख्य 'प्रभावी ताबा', म्हणजे किनाऱ्यावर नुसता दावा सांगून भागणार नाही, तिथे तुमचा प्रत्यक्ष अंमल दिसला पाहिजे. झालं, धावपळ सुरू. रेघा नंतरच्या करारांत ओढल्या गेल्या.

त्या रेघांमध्ये भूगोलाची समज किती होती, त्याचा एक नमुना. नामिबियाच्या नकाशाला ईशान्येला साडेचारशे किलोमीटर लांब एक शेपूट आहे, काप्रिवी पट्टी. १८९० मध्ये जर्मनीने ब्रिटनशी सौदा करून ती मिळवली, कशासाठी, तर झांबेझी नदीतून थेट हिंदी महासागराकडे जाता यावं म्हणून. पट्टीचं टोक नदीला लागतं तिथून थोडंच खाली नदी शंभर मीटरहून उंच कड्यावरून कोसळते. व्हिक्टोरिया धबधबा! लिव्हिंगस्टनने तो पस्तीस वर्षांपूर्वी पाहून, नाव देऊन, जगाला सांगितला होता.

गांबिया हा देश म्हणजे तर नदी आणि तिचे दोन काठ: तीनशेहून जास्त किलोमीटर लांब, रुंदी पन्नासच्या आत, आणि समुद्राची बाजू सोडली तर भोवती सेनेगल. नदी ब्रिटिशांनी ठेवली, बाकीचं फ्रेंचांनी. सोमाली लोक पाच तुकड्यांत विभागले गेले, एवे लोक घाना आणि टोगोत, मसाई केनिया आणि टांझानियात. जिथे सत्ता उजेडासारखी विरत होती, तिथे कुंपण आलं. १९६४ मध्ये कैरोला जमलेल्या स्वतंत्र आफ्रिकन देशांनी त्याच सीमा कायम ठेवायचं ठरवलं. उकरायला गेलं असतं तर लढाया संपल्या नसत्या, ही भीती अनाठायी नव्हती.

मग सगळं भूगोलानेच ठरवलं का?

नाही. आणि असं म्हणणाऱ्यांचा मला जरा संशय येतो, कारण सगळं डोंगर-नद्यांवर टाकलं की लिओपोल्डला कुणी जाब विचारत नाही.

इथिओपिया पाहा. दोन हजार मीटरहून उंच मुलूख, माशी नाही, म्हणून तिथे बैलांचा नांगर हजारो वर्षं चालत आलेला. चौथ्या शतकापासून ख्रिस्ती राजसत्ता. इटलीने १८९६ मध्ये चढाई केली आणि १ मार्चला अडव्याच्या लढाईत तिचा धुव्वा उडाला. डोंगरांनी मदत केली, नक्कीच. इटालियन सेनापतीकडे एक हाताने काढलेला नकाशा होता, त्यात एका टेकडीचं नाव चुकीच्या जागी होतं आणि त्यापायी त्याची एक तुकडी भलतीकडे पुढे जाऊन एकटी पडली. पण सम्राट मेनेलिकने त्याआधी काही वर्षं खपून आधुनिक बंदुका जमवल्या होत्या, भांडणारे सरदार एकत्र आणले होते. त्याच डोंगरांवर १९३५ मध्ये मुसोलिनीने विमानं आणि विषारी वायू पाठवला, तेव्हा डोंगर तेवढेच उंच होते.

"साठ वर्षं झाली स्वातंत्र्याला, अजून किती दिवस जुनी रडगाणी?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला काँगोलाच न्यावं. वसाहतीच्या काळात रेल्वेमार्ग टाकले ते खाणीपासून बंदरापर्यंत. शेजारची दोन शहरं जोडायला नाहीत. सोळा आफ्रिकन देशांना समुद्रच नाही, आणि त्यांचा माल आजही दुसऱ्याच्या रस्त्यावर अवलंबून. राज्यकर्त्यांची लूट आहेच, काँगोचा हुकूमशहा मोबुटू याच्यासारख्यांनी देश धुऊन नेले. पण लूट करायला सोयीची नळी आयती टाकून ठेवलेली होती.

मताडीच्या वरचे ते धबधबे आठवतात ना? कड्यावरून पाणी पडतं तिथे वीज होते, हे कोयनेमुळे आपल्याला सांगावं लागत नाही. काँगोच्या इंगा या ठिकाणी चाळीस हजार मेगावॉटच्या आसपास वीज निघू शकेल असा अंदाज आहे. प्रत्यक्षात १९७२ आणि १९८२ ची दोन धरणं आहेत, त्यांची क्षमता मिळून सुमारे १,७७५ मेगावॉट. आपल्या एकट्या कोयनेची १,९६०.

तिथून एक विजेची तार निघते. सुमारे सतराशे किलोमीटर, देशाच्या या टोकापासून त्या टोकाला, कटांगाच्या तांब्याच्या खाणींपर्यंत. ती एकदिश विद्युतप्रवाहाची उच्चदाब तार आहे. तिच्यातून मध्ये कुठे सहजासहजी जोड काढता येत नाही. वाटेतल्या गावांच्या डोक्यावरून ती जाते, आणि खाली संध्याकाळी रॉकेलचे दिवे लागतात.